जगण्याला गुण देणाऱ्या सहा प्रश्नावल्या : खुर्चीत बसून केलेले परीक्षण

मज्जारज्जूला दुखापत होऊन मला सहा वर्षे झाली. दुखापत पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर, म्हणजे टी-१०, आणि पूर्ण स्वरूपाची, म्हणजे डॉक्टरांच्या ‘ए’ ते ‘ई’ या श्रेणींपैकी ‘ए’. बेंबीखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही; हात मात्र शाबूत आहेत. या काळात माझे जगणे किती बरे किंवा वाईट चालले आहे हे मोजण्यासाठी रुग्णालयात, पुनर्वसन केंद्रात, पाठपुराव्याच्या भेटींत आणि एका संशोधनाच्या निमित्ताने मी सहा वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरल्या, त्यांतल्या काही दोन-दोन, तीन-तीन वेळा. व्हीलचेअर, तिची गादी, कॅथेटर यांची वापरणाऱ्यांनी केलेली परीक्षणे भरपूर सापडतात. ज्या कागदावरून उपचार उपयोगी पडले की नाही हे ठरते, त्याचे भरणाऱ्याच्या बाजूने केलेले परीक्षण मात्र माझ्या पाहण्यात आले नाही. म्हणून हा खटाटोप.

शब्दाचा एक खुलासा आधीच करतो. ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ला काही ठिकाणी ‘जीवनमान’ म्हणतात, पण जीवनमान म्हटले की डोळ्यांसमोर घर, पगार आणि गाडी येते. मी ‘जगण्याची गुणवत्ता’ म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा गाभा असा, की आपली मूल्ये, अपेक्षा आणि काळज्या यांच्या संदर्भात माणसाला स्वतःच्या जगण्याबद्दल काय वाटते ते म्हणजे ही गुणवत्ता. स्वतःला काय वाटते, हा माझा निकष आहे आणि त्यावरच मी या सहाही जणींना तपासले आहे.

पहिली एसएफ-३६; तिच्याशी भेट दुखापतीनंतर सहाव्या महिन्यात झाली. छत्तीस प्रश्नांची ही प्रश्नावली १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर कोणत्याही आजारासाठी वापरली जाते. ती कोणा एका आजारासाठी केलेली नाही, हेच तिचे बळ आणि आमच्यापुरता हाच तिचा दोष. फिजिओथेरपिस्ट बाई प्रश्न वाचत होत्या आणि मी उत्तरे देत होतो. जिन्याचे अनेक मजले चढताना तुम्हाला किती अडचण येते? एक मजला चढताना? वाकताना, गुडघ्यावर बसताना? एक मैलाहून अधिक चालताना? त्याहून थोडे कमी? अगदी थोडे अंतर? तिसऱ्या वेळी ‘खूप अडचण’ अशी खूण करताना बाईंनी मान वर केली नाही. पाचव्या वेळी त्यांनी मला न विचारताच खूण केली. त्यांचा दोष नव्हता. मीही तेच केले असते.

घरी आल्यावर मी त्या भागाचा हिशेब मांडला. शारीरिक कार्यक्षमतेचे प्रश्न दहा. प्रत्येकाला ‘खूप अडचण’ म्हणजे १, ‘थोडी’ म्हणजे २ आणि ‘अजिबात नाही’ म्हणजे ३. धावण्यासारखी जोराची कामे, दोन जिने, वाकणे-गुडघे टेकणे आणि चालण्याचे तीन प्रश्न मिळून सात ठिकाणी माझे उत्तर कायम १ राहणार. उरले तीन : मध्यम श्रमाची कामे, सामान उचलणे आणि अंघोळ-कपडे. त्या तिन्हींत मी पैकीच्या पैकी मिळवले तरी बेरीज १६ होते आणि १०० च्या पट्टीवर तिचे रूपांतर केले की ३० येतात. माझ्यासारख्या माणसाने जन्मभर सराव केला तरी त्याची कमाल मर्यादा तीस! दरम्यानच्या वर्षभरात मी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीच्या सीटवर आणि एकदा पडल्यावर जमिनीवरून पुन्हा खुर्चीत यायला शिकलो. दर काही मिनिटांनी हातांवर अंग उचलून बेडसोर टाळायला शिकलो. आरशाच्या मदतीने पाठीची कातडी स्वतः तपासायला शिकलो. यातल्या एकाही गोष्टीला त्या दहा प्रश्नांत जागा नाही.

‘चालणे’ या शब्दाच्या जागी ‘जाणे’ किंवा ‘खुर्ची चालवत जाणे’ असे शब्द घालून केलेल्या सुधारित आवृत्त्या आहेत आणि त्या मूळ आवृत्तीपेक्षा नक्कीच माणसासारख्या बोलतात. पण शब्द बदलला की सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना करण्याचा या प्रश्नावलीचा मुख्य फायदा ढिला पडतो. वेदना, उत्साह आणि मानसिक स्वास्थ्य यांचे तिचे भाग मात्र चांगले आहेत आणि माझ्या बाबतीत ते खरे बोलले. ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ या विधानाशी किती सहमत, असे ती विचारते तेव्हा मात्र मी अजूनही अडखळतो. पाय चालत नाहीत हा आजार धरायचा की नाही? सर्दीसुद्धा न झालेल्या महिन्यात माझी प्रकृती उत्तमच असते.

दुसरी स्किम, म्हणजे स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेजर. पहिली आवृत्ती १९९७ ची. आज वापरतात ती तिसरी, जिची अनेक देशांतली पडताळणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःची निगा २० गुण, श्वसन आणि मलमूत्रावरचे नियंत्रण ४०, हालचाल ४०, असे शंभर. ही आमच्यासाठीच घडवली असल्याचे पहिल्या पानावरच कळते. कॅथेटर कोण घालते, शौचाची वेळ ठरलेली आहे का, खुर्चीतून शौचकुपावर कसे जाता, असे प्रश्न ती न लाजता विचारते. दुसऱ्या महिन्यात माझे ३१ गुण होते, दीड वर्षाने ६७ झाले आणि त्या दिवशी मला शाळेचे प्रगतिपुस्तक हातात पडल्यासारखा आनंद झाला.

तरीही हिला गुणवत्तेची मोजपट्टी समजणे ही चूक आहे, आणि ती चूक मी थेरपिस्टांना करताना पाहिली आहे. स्किम स्वावलंबन मोजते. सुरुवातीला मी पँट स्वतः घालत असे. पलंगावर आडवे होऊन, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत, मध्येच पायांना झटके आले तर ते ओसरण्याची वाट पाहत, या कामाला चाळीस मिनिटे लागत आणि त्यानंतर खांदे दुखत. आता भाऊ मदत करतो आणि दहा मिनिटांत काम होते. वाचलेल्या अर्ध्या तासात मी वाचतो, फोन करतो, कामाला लागतो. या बदलाने माझा दिवस सुधारला, पण स्किमचे दोन-तीन गुण कमी झाले. मला जमते की नाही हे ती विचारते. मला ते करावेसे वाटते की नाही हे तिच्या कक्षेबाहेर आहे. स्वतःच्या कामात ती चोख आहे, एवढे मात्र मान्य करायलाच हवे.

जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ ही तिसरी. मूळ शंभर प्रश्नांच्या प्रश्नावलीचे हे सव्वीस प्रश्नांचे लहान रूप १९९८ साली प्रसिद्ध झाले. शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर असे तिचे चार विभाग असून मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारणा होते. सर्वसाधारण प्रश्नावल्यांपैकी ही मला सर्वांत जवळची वाटली आणि त्याचे श्रेय परिसराच्या विभागाला आहे. सुरक्षितता, पैसा, माहिती, विरंगुळा, राहते घर, आरोग्यसेवा आणि वाहतूक यांचे प्रश्न त्यात आहेत. दुखापतीनंतर माझ्या जगण्यात झालेला सर्वांत मोठा चांगला बदल कोणत्याही औषधाने झाला नाही. घराच्या दाराशी उतार बांधला आणि न्हाणीघराचे दार रुंद केले तेव्हा तो झाला. त्या महिन्यात स्किमचा आकडा जेमतेम हलला, एसएफ-३६ चा तर नाहीच. या प्रश्नावलीचा परिसराचा आकडा मात्र ठळकपणे वर गेला.

हिच्यात इकडेतिकडे जाण्या-येण्याबद्दल एक प्रश्न आहे. मुळात तो पायांचे नाव घेत नाही, आणि म्हणूनच तो चांगला आहे. पण वाचून दाखवणाऱ्याने सवयीने ‘चालणे-फिरणे’ असा शब्द वापरला की त्याची वाट लागते. एकदा मी ‘तुम्हाला चालता-फिरता कितपत येते?’ या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ म्हटले आणि पुढच्या खेपेस ‘तुम्हाला हवे तिथे जाता-येता कितपत येते?’ या रूपातल्या त्याच प्रश्नाला ‘चांगले’ म्हटले. माझ्यात काहीच बदललेले नव्हते. अहवालात मात्र सुधारणा नोंदली गेली असणार. ‘रोजच्या जीवनासाठी वैद्यकीय उपचारांची किती गरज भासते’ या प्रश्नाचेही तसेच : दिवसातून पाच वेळा घालावा लागणारा कॅथेटर उपचार समजायचा की चष्म्यासारखी वस्तू, हे जो तो आपल्या मनाने ठरवतो.

तिची मोठी उणीव म्हणजे सव्वीसपैकी एकही प्रश्न लघवी किंवा शौच यांबद्दल नाही. लैंगिक जीवनाबद्दल एकच आहे आणि माझ्या अनुभवात तोच बहुतेक वेळा ‘हा सोडून देऊ’ म्हणत वगळला जातो. संकोच समजू शकतो, पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणाची आठवण इथे करून द्यावीशी वाटते. मज्जारज्जूची दुखापत झालेल्या ६८१ जणांना, कोणती क्षमता परत मिळाली तर तुमचे जगणे सर्वांत जास्त सुधारेल, असे विचारले गेले. दोन्ही हात आणि दोन्ही पाय बाधित झालेल्यांपैकी ४८.७ टक्के लोकांनी हात आणि बोटांची हालचाल पहिल्या क्रमांकावर ठेवली. फक्त पाय बाधित झालेल्यांत सर्वाधिक, म्हणजे २६.७ टक्के लोकांनी, लैंगिक क्षमता. बाहेरच्यांना पहिले सुचते ते चालणे दोन्ही गटांत पहिले आले नाही. तेव्हा वगळला जाणारा तो एक प्रश्न किरकोळ नाही.

जीवनसमाधान मोजणारी एसडब्ल्यूएलएस ही प्रश्नावली १९८५ ची. पाच विधाने, प्रत्येकाला १ ते ७ गुण. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाचवे विधान असे, की आयुष्य पुन्हा जगायला मिळाले तर मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही. ज्या रात्री माझा अपघात झाला ती रात्र मी बदलेन, हे सांगायला सात खुणांची पट्टी कशाला हवी? आज समाधानी असलो तरी या विधानाला मी २ च्या वर जाऊ शकत नाही, आणि भूतकाळ बदलणारा नसल्याने दहा वर्षांनीही जाणार नाही. होणारा बदल टिपायचा असेल तर हे विधान निरुपयोगी आहे.

याउलट मज्जारज्जूच्या दुखापतीसाठीच केलेली आंतरराष्ट्रीय ‘बेसिक डेटा सेट’ ही या सगळ्यांत सर्वांत छोटी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या रूपात तीनच प्रश्न : एकूण जगणे, शारीरिक प्रकृती आणि मानसिक प्रकृती यांबाबत गेल्या चार आठवड्यांत तुम्ही किती समाधानी आहात, ० ते १० मध्ये सांगा. पुढच्या आवृत्तीत सामाजिक जीवनाचा चौथा प्रश्न जोडला गेला. दोन मिनिटांत काम होते. आकडा का बदलला हे तिला कळत नाही, ही तिची मर्यादा. पण ती स्वस्थपणे विचारते आणि काय महत्त्वाचे ते ठरवण्याचे काम माझ्यावर सोपवते. पायांचा उल्लेखच नसल्यामुळे तिच्यात मला दहापैकी दहा मिळवण्याची मुभा तरी आहे.

आता मूळ अडचण. या सगळ्यांचा खरा उपयोग बदल मोजण्यासाठी आहे, म्हणजे दोन वेळच्या आकड्यांची वजाबाकी करण्यासाठी, आणि नेमकी तीच वजाबाकी संशयास्पद आहे. तिसऱ्या महिन्यात मी एकूण जगण्याला ३ गुण दिले होते. दोन वर्षांनी ७ दिले. सुधारणा चार गुणांची. त्याच दिवशी संशोधक मुलीने विचारले, की आता मागे वळून पाहता त्या तिसऱ्या महिन्याला तुम्ही किती द्याल? मी क्षणभर थांबून १ म्हटले. मग सुधारणा चार गुणांची की सहा? तिसऱ्या महिन्यात कंबरेखालचा देह म्हणजे काय हेच मला नीट कळलेले नव्हते. सगळे परत येईल या भरवशावर ते ३ दिले होते. संशोधक याला ‘रिस्पॉन्स शिफ्ट’ म्हणतात : माणसाची आतली मोजपट्टी बदलते, कशाला महत्त्व द्यायचे ते बदलते आणि ‘चांगले जगणे’ या शब्दांचा अर्थही बदलतो. वजन कमी झाले की नाही हे पाहायला काट्यावर उभे राहावे आणि दरम्यान काट्यानेच आपले किलो बदललेले असावेत, तसा हा प्रकार. मला विचाराल तर हा बदल दोष म्हणून काढून टाकण्याजोगा नाही, कारण पुनर्वसनातले निम्मे काम तोच करतो. पण तो झाला आहे हे न नोंदवता केवळ वजाबाकी छापणे अप्रामाणिक आहे. दुखापतीआधीचा आकडा तर कोणाकडेच नसतो. तो पलंगावर पडल्या पडल्या आठवणीतून विचारला जातो आणि तिथून सगळे मागचे सोनेरीच दिसते. मी तेव्हा ९ सांगितले होते. त्या वर्षी मी नोकरीला कंटाळून रोज चिडचिड करीत असे, हे बायकोने नंतर आठवण करून दिले.

दुसरी अडचण, उत्तर कोणासमोर दिले जाते. ‘तुम्हाला तुमचे जीवन कितपत अर्थपूर्ण वाटते?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा आई शेजारच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मी ‘खूपच’ म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो? आणि मी बोलू शकत नाही असे समजून दुसऱ्याने माझ्या वतीने उत्तर दिले तर आणखी वाईट. १९९४ च्या एका अभ्यासात आपत्कालीन विभागातील कर्मचाऱ्यांना, मज्जारज्जूची गंभीर दुखापत होऊन तुम्ही वाचलात तर जिवंत असल्याचा आनंद वाटेल का, असे विचारले गेले. फक्त १८ टक्के ‘हो’ म्हणाले. प्रत्यक्ष दुखापत झालेल्यांत हेच प्रमाण ९२ टक्के होते. उलट दिशेची एक दंतकथाही फिरते, की लॉटरी जिंकणारा आणि अपघातात अपंग झालेला, दोघेही वर्षभरात सारखेच सुखी होतात. ती ज्या १९७८ च्या अभ्यासाच्या नावावर खपवली जाते त्यात २२ विजेते आणि २९ अपघातग्रस्त होते, त्यांना एकदाच विचारले गेले होते आणि पाचपैकी त्यांचे सरासरी सुख अनुक्रमे ४.०० आणि २.९६ निघाले होते. सारखे अजिबात नाही. आम्ही कीव करण्याजोगे नाही, पण ‘सवय होते हो सगळ्याची’ असे म्हणून हात झटकण्याजोगेही नाही.

सहावी एससीआय-क्यूओएल, हीही आमच्या दुखापतीसाठीच केलेली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. हिच्यात प्रश्नांच्या बँका, म्हणजे एकेका विषयावरच्या प्रश्नांचे साठे, आणि मोजपट्ट्या मिळून बावीस आहेत : लघवीच्या व्यवस्थापनातील अडचणी, शौचाच्या अडचणी, बेडसोर, वेदना, गमावल्याचे दुःख, लोकांच्या नजरेचा त्रास, चिवटपणा, स्वातंत्र्य. संगणकावर भरली तर आधीच्या उत्तरावरून ती पुढचा प्रश्न निवडते, त्यामुळे ‘मैलभर चालता का’ यानंतर ‘थोडे चालता का’ असले चक्र संपते. लघवी गळण्याच्या भीतीने बाहेर जाणे टाळता का, या आशयाच्या प्रश्नावर आलो तेव्हा मी पडद्यापासून थोडा मागे सरकलो. पाच वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते आणि माझ्या जगण्याची गुणवत्ता ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असते ती गोष्ट हीच. तक्रारी दोन. संगणक आणि वेळ दोन्ही लागतात, त्यामुळे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती पूर्ण भरून घेणे अवघड आहे. शिवाय गुण ५० या सरासरीभोवती मांडलेले असतात आणि ही सरासरी काही बँकांत आमच्यासारख्या जखमी लोकांची, तर काहींत सर्वसाधारण लोकांची असते. हे समजावून न सांगता अहवाल हातात दिला तर वाचणारा हमखास गोंधळतो.

निवड करायचीच तर प्रत्येक पाठपुराव्याला बेसिक डेटा सेटचे प्रश्न आणि त्यासोबत एससीआय-क्यूओएलच्या लघवी, शौच आणि वेदना या तीन बँका एवढे पुरे, असे माझे मत आहे. वर्षातून एकदा डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ, लैंगिक जीवनाच्या प्रश्नासकट. स्किम थेरपीचे उद्दिष्ट ठरवण्यासाठी जरूर वापरावी, पण ‘गुणवत्ता’ या रकान्यात तिचा आकडा लिहू नये. एसएफ-३६ मूळ रूपात वापरायचीच असेल तर शारीरिक कार्यक्षमतेच्या आकड्याशेजारी त्याची मर्यादा लिहावी. एसडब्ल्यूएलएस मी पुन्हा भरणार नाही.

कोणतीही निवडली तरी फॉर्मच्या कोपऱ्यात तीन ओळींची जागा हवी : उत्तरे देताना खोलीत कोण होते, प्रश्न कोणी आणि कोणत्या शब्दांत वाचला, आणि त्या पंधरवड्यात ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा नवी जखम होती का. एवढ्या नोंदी असत्या तर माझे किमान तीन फॉर्म बाद झाले असते. एक, ज्या दिवशी आई शेजारी होती तो. दुसरा, ज्या दिवशी ‘चालणे-फिरणे’ विचारले गेले तो. आणि तिसरा, १०२ ताप अंगात असताना, लवकर घरी जाता यावे म्हणून सगळीकडे मधल्या रकान्यात खुणा करून दिलेला.